‘नवीन गाडी आहे, सेट होईल’ म्हणजे नक्की काय सेट होईल?

प्रश्न: दादा, गुढीपाडव्याला नवीन हॅचबॅक घेतली, पेट्रोल, मॅन्युअल, माझ्या स्वतःच्या पगारातून. राहते चेंबूरला, ऑफिस बीकेसीला. पहिले तीन आठवडे एकदम मस्त. मग आईकडे पुण्याला निघाले तर अटल सेतूवर ८५ च्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागलं, ९५-१०० ला तर हाताला मुंग्याच. एक्स्प्रेसवेवर पण तेच. ब्रेक दाबला तरी वेगळं काही होत नाही. सर्व्हिस सेंटरने अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून दिलं, थोडं कमी झालं पण गेलं नाही. दुसऱ्यांदा केलं, काहीच फरक नाही. आता म्हणतात मॅडम नवीन गाडी आहे, सेट होईल, आणि एकदा मिस्टरांना घेऊन या. ११०० किलोमीटर झालेत. दीर म्हणतो पीस डिफेक्टिव्ह आहे, गाडीच बदलून माग. सासूबाईंचं म्हणणं डिलिव्हरीच्या वेळी चाकाखालचं लिंबू नीट फुटलं नव्हतं. काय करू?
(चेंबूरची एक वाचक)

उत्तर: ताई, लिंबाचा विषय सासूबाईंकडेच राहू द्या, बाकीचं आपण बघू.

आधी ते ‘सेट होईल’ मिटवून टाकतो, कारण हे वाक्य मी पण वापरलंय. सहा वर्षं अशाच एका काउंटरच्या मागे बसून जॉब कार्ड भरलीत मी, शनिवारी सकाळी समोर पंधरा गाड्या उभ्या असल्या आणि मेकॅनिक चारच असले की तोंडातून हे आपोआप निघतं. इंजिन सेट होतं, क्लच सेट होतो, ब्रेक पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसायला थोडे किलोमीटर लागतात, हे सगळं खरंय. पण गोल नसलेलं चाक चालून चालून गोल होत नाही. ८५ नंतर स्टीअरिंग थरथरतंय ही गोष्ट पाच हजार किलोमीटरने पण तशीच असणार आहे, उलट तोपर्यंत टायर वेडावाकडा झिजलेला असेल आणि मग तेच लोक तुम्हाला सांगतील की मॅडम टायरची झीज वॉरंटीत येत नाही.

आता तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे बघा. शहरात काही नाही, ८५ नंतर सुरू, स्टीअरिंगला जास्त, ब्रेकने फरक नाही, आणि पहिल्या बॅलन्सिंगने (म्हणजे रिमवर छोटी वजनं चिकटवून चाकाचा भार सगळीकडून सारखा करण्याने) थोडं कमी झालं. ब्रेक दाबल्यावरच थरथरलं असतं तर डिस्कवर संशय घेतला असता, तसं नाहीये. स्टीअरिंगमध्ये जाणवतंय म्हणजे बहुतेक पुढची दोन चाकं, मागची असती तर सीटला आणि फ्लोअरला जास्त लागलं असतं. आणि बॅलन्सिंगने थोडं का होईना कमी झालं याचा अर्थ खोट चाकातच आहे, फक्त ती वजनं चिकटवून पूर्ण झाकली जाईल अशी नाहीये. किंवा मग बॅलन्सिंगच नीट केलेलं नाहीये. माझा पहिला पैसा या दुसऱ्यावर आहे.

शहरात का कळत नाही ते सांगतो. तुमच्यासारख्या गाडीला साधारण १९५/५५ आर१६ साइजचे टायर असतात, त्याचा घेर साधारण १.९५ मीटर. १०० च्या स्पीडला हे चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. आता रिमच्या कडेला २० ग्रॅम वजन जास्तीचं आहे असं धरा, २० ग्रॅम म्हणजे काय, पाच रुपयेवाल्या बिस्किटाच्या पुड्यातली चार-पाच बिस्किटं. ५० च्या स्पीडला हे वीस ग्रॅम चाकाला पाऊण-एक किलोच्या जोराने बाहेर खेचतात, पण १०० ला तोच जोर तीन किलोच्या वर जातो, कारण स्पीड दुप्पट झाला की जोर चौपट होतो. सेकंदाला १४ वेळा कोणीतरी तीन किलोचा झटका देतंय, मग हाताला मुंग्या येणारच. त्यात सस्पेन्शनची स्वतःची थरथरण्याची एक लय असते आणि ती या १२-१४ च्या आसपासच कुठेतरी येते, म्हणून बऱ्याच गाड्या ९०-१०० ला जास्त हलतात आणि त्याच्या पुढे जरा शांत होतात. हे तपासायला म्हणून ११०-१२० मारू नका हं, सेतूवर कारला १००चीच लिमिट आहे आणि एक्स्प्रेसवेवर कॅमेरे आहेत.

आणि मुंबईत गाडी ९० ला जाते तरी कुठे? चेंबूर ते बीकेसी तुम्ही तीस-चाळीसच्या वर जात नसाल, त्यातही अर्धा वेळ क्लचवर पाय. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला तेव्हापासून शिवडीत चढल्या चढल्या शंभरला जाता येतं आणि कित्येक जणांना आपल्या गाडीची ही तऱ्हा तिथेच पहिल्यांदा कळते. पण इथेच एक गोची आहे. पाडवा ते पुण्याची ट्रिप, मध्ये तीन आठवडे गेले, तेवढ्या दिवसांत गाडी मुंबईच्या रस्त्यावर होती. म्हणजे खोट शोरूममधूनच आली की मध्ये कुठे पेव्हर ब्लॉकच्या कडेला, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटला, एखाद्या खड्ड्याला चाक आदळून रिम वाकली, हे तुम्ही पण छातीठोक सांगू शकत नाही आणि शोरूमवाले पण. तुम्हाला एखादा जोरदार ‘धाड्’ आठवतोय का बघा. ५५ चा टायर म्हणजे बाजूची भिंत दहा-अकरा सेंटीमीटरचीच, खड्ड्याचा मार सरळ रिमला बसतो, आणि अलॉय वाकतो तो जास्त करून आतल्या कडेला, बाहेरून चकाचक दिसतो. म्हणून दुकानात जाऊन आवाज चढवायच्या आधी चाकाची आतली बाजू बघून घ्यायची. वाकलेली निघाली तर तो खर्च तुमचा, वॉरंटीत नाही, तिथे भांडण्यात वेळ घालवू नका.

शोरूमकडून आलेली खोट असेल तर ती कशी येते ते पण ऐका. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या दिवशी एकेका शोरूममधून ढिगाने गाड्या निघतात, फुगे, हार, केक, चावीचा मोठा पुठ्ठा हातात घेऊन फोटो. त्या गाड्या आधी यार्डात कधी कधी महिनोन् महिने उन्हात उभ्या असतात, टायरचा एकच भाग खाली दबून, आणि वाहतुकीसाठी हवा पण जास्त भरलेली असते, चाळीसच्या वर. डिलिव्हरीच्या आधी जी तपासणी होते, पीडीआय, त्यात ही हवा कमी करून बरोबर करायची असते. सणाच्या आदल्या रात्री कोण किती मनापासून करत असेल ते तुम्हीच ठरवा. तर पहिलं काम, उद्या सकाळी, गाडी हलवायच्या आधी किंवा जवळच्याच पंपावर, थंड टायरची हवा मोजा. आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावरच्या स्टिकरवर असतो, पंपवाल्या भाऊंना ‘किती भरू’ विचारू देऊ नका, ते सगळ्यांना ३५ च भरतात. आणि टायरच्या भिंतीवर डीओटी लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा, २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा फारच म्हातारा निघाला तर फोटो काढून ठेवा.

उभं राहून दबलेला टायर ओळखायची खूण म्हणजे थरथर सुरुवातीला जास्त असते आणि टायर गरम झाला की कमी होते. तुम्हाला शिवडीला जितकं जाणवलं तितकंच खालापूर टोलला जाणवलं का? तिथपर्यंत बरंच गेलं असेल तर हे दबलेपण आहे, अजून थोडं चाललं की निघून पण जाईल (हो, एवढ्या एकाच बाबतीत ‘सेट होईल’ खरं ठरू शकतं). जसंच्या तसं असेल तर नाही.

आता बॅलन्सिंग. यावर जरा सविस्तर लिहितो कारण दहातले सात जण इथेच फसतात. आपल्याकडे अलाइनमेंट-बॅलन्सिंग हा एकच शब्द असल्यासारखा बोलतात, चहा-बिस्कीट म्हणतो तसा. पण अलाइनमेंट म्हणजे चाकं सरळ दिशेला बघतायत की नाही, ते चुकलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. त्याने ९० ला स्टीअरिंग थरथरत नाही. त्यामुळे रंगीत प्रिंटआउट दाखवून ‘मॅडम सगळं ग्रीन आहे’ म्हणाले तर ठीक आहे म्हणा आणि विषयावर या.

बॅलन्सिंग होत असताना तिथे उभ्या राहा. लाउंजमध्ये एसीत बसून कॉफी नको. मुलगा चाक मशीनच्या दांड्यावर चढवेल, शंकूच्या आकाराचा कोन लावून घट्ट करेल, फिरवेल, मशीन सांगेल आत २५, बाहेर १५, तो तेवढी वजनं चिकटवेल, परत फिरवेल, शून्य-शून्य. मशीनवर हिरवे शून्य आले की त्याच्या चेहऱ्यावर दहावीचा निकाल लागल्यासारखा आनंद असतो. तेव्हा त्याला प्रेमाने सांगा, दादा, आता चाक ढिलं कर, दांड्यावर अर्धा फेरा फिरवून परत घट्ट कर, आणि पुन्हा एकदा फिरव. परत शून्य-शून्य आलं, किंवा पाचेक ग्रॅमचा फरक आला, तर काम चोख आहे. वीस-पंचवीस आलं तर चाक मशीनवर मधोमध बसलंच नव्हतं, कोन चुकीचा होता किंवा कोनावर घाण होती, म्हणजे त्याने तुमच्या चाकात नवीन खोट भरून दिली. मला विचाराल तर या एका मिनिटाच्या परीक्षेत भलेभले नापास होतात. दुसऱ्या वेळी तुमच्याकडे काहीच फरक पडला नाही याचं कारण हे पण असू शकतं.

आणि चाक फिरत असताना आकड्यांकडे बघू नका, टायरकडे बघा. मुलाला सांगा की चाक हाताने हळू फिरव आणि एक स्क्रूड्रायव्हर स्टँडवर टेकवून टायरच्या नक्षीच्या जवळ, कागद जाईल एवढ्या अंतरावर स्थिर धर. ते अंतर एका फेऱ्यात एकसारखं राहिलं तर टायर गोल आहे. कमी-जास्त, कमी-जास्त होत असेल तर टायर गोल नाहीये, मग वजनं कितीही चिकटवा. हेच रिमच्या कडेला धरून बघा, आतल्या कडेला खास. रिम सरळ आणि टायर वाकडा की टायर सरळ आणि रिम वाकडी, तिथल्या तिथे दिसतं. शंभर फोटोंपेक्षा ह्या दहा सेकंदांचा मोबाइल व्हिडिओ तुमच्या जास्त कामाला येईल.

कधी कधी टायर दिसायला गोल असतो पण आतून एका जागी कडक असतो, वजन आलं की तिथे कमी दबतो. साध्या मशीनवर हे पकडता येत नाही कारण तिथे चाक हवेत फिरतं, जमिनीला टेकत नाही. त्यासाठी रोड फोर्स मशीन असतं, त्यात एक रोलर टायरवर दाब देऊन फिरतो. सगळीकडे नसतं, मोठ्या टायरवाल्यांना फोन करून विचारून जा. त्यात एक चाक जास्त आकडा दाखवत असेल तर आधी स्वस्त उपाय करून बघतात, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायचा, म्हणजे टायरचा उंचवटा रिमच्या खोलगट जागेवर येतो आणि दोघं एकमेकांना सांभाळून घेतात (स्थळं जुळवतात तसंच आहे हे). नव्या टायरवर पिवळा किंवा लाल ठिपका बघितला असेल तुम्ही, तो अशाच जुळवणीसाठी असतो, पिवळा म्हणजे टायरचा वजनाने हलका भाग, तो व्हॉल्व्हपाशी आणतात. सगळ्या टायरवर नसतो.

रिमच्या आत अजून दोन गोष्टी बघायच्या. एक, चौकोनी गोंदाचा डाग दिसतोय पण वजन नाही, म्हणजे फॅक्टरीतलं वजन पडलं, बहुतेक धुताना प्रेशरने. दोन, चिखल. हसू नका. मागे एकदा गणपतीला कोकणात जाऊन आलो, मुंबई-गोवा हायवेची कामं चालू, पाऊस, परत आलो तर माझी स्वतःची गाडी ८० ला नाचायला लागली. एका टायरवाल्याकडे पैसे दिले, दुसऱ्याकडे दिले, दोघांनीही वजनं चिकटवली, ग्रॅमवर पैसे घेतले, गाडी तशीच. शेवटी आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारा पोरगा म्हणाला काका, चाकाच्या आत मूठभर माती सुकून बसलीय. तो गोळा काढला आणि मग अर्थातच ती सगळी चिकटवलेली वजनं चुकीची ठरली, तिसऱ्यांदा बॅलन्सिंग. आणि मी स्वतःला या विषयातला माणूस म्हणवतो. तुम्हाला सांगायचं एवढंच की मशीनवर चढवायच्या आधी चाक आतून साफ आहे का बघा, आणि कोणी पंक्चर होऊ नये म्हणून टायरमध्ये जेल भरून देतो म्हणाला तर नको म्हणा, ते पातळ औषध आत एका जागी राहत नाही.

आता खात्री करायची टेस्ट, जी मी सगळ्यात आधी मागितली असती. पुढची दोन चाकं मागे, मागची दोन पुढे. लिफ्टवर वीस मिनिटांचं काम. त्यानंतर थरथर स्टीअरिंगमधून जाऊन सीटखाली आली तर वादच मिटला, खोट त्या दोन चाकांत आहे. स्टीअरिंगमध्ये तशीच राहिली तर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ड्राइव्हशाफ्ट (इंजिनाची ताकद चाकाला पोचवणारा दांडा) किंवा तसलं काहीतरी आणि मग ते खरंच त्यांचं काम, वॉरंटीतलं. स्टेपनी लावून टेस्ट करू नका, बऱ्याच गाड्यांत ती बारीक असते आणि त्यावर ८० च्या पुढे जाऊ नका असा स्टिकरच असतो.

इंजिनाचा संशय काढायला ९० ला पाचव्या गिअरमधून चौथ्यात या. इंजिनाचे आरपीएम वाढतील, चाकाचा वेग तोच राहील. थरथर तशीच असेल तर इंजिन सुटलं. ॲक्सिलरेटर सोडल्या सोडल्या थरथर गेली आणि दाबला की आली, असं असेल तर ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट. तुमच्या वर्णनावरून मला दोन्ही वाटत नाही पण बघून घ्या. फोनमध्ये कंपन मोजायची फुकट ॲप मिळतात, शेजारच्याला फोन डॅशबोर्डवर घट्ट धरून बसवायचा, १०० ला १४ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला १४ वेळा) आसपास उंच सुळका दिसला तर तो चाकाचाच, वर काढलेल्या हिशोबाप्रमाणे. ॲप बघायला म्हणून सेतूवर थांबू मात्र नका, तिथे थांबायला बंदी आहे.

सर्व्हिस सेंटरशी बोलायचं कसं, तर कमी बोलायचं आणि लिहून घ्यायचं. जॉब कार्डवर ते ‘व्हील बॅलन्सिंग’ लिहितील, ते चालणार नाही. तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा, ‘८५ ते १०० वेगात ब्रेक न लावता स्टीअरिंग थरथरते, दोनदा बॅलन्सिंग करूनही’, तारीख, किलोमीटर, आणि मागच्या दोन जॉब कार्डच्या कॉपी. मग त्यांचा फोरमन गाडीत बसायला हवा, तुम्ही चालवा, वडाळ्यावरून शिवडी, सेतूवर चढा, टोल तुमचाच जाईल पण जाऊ दे. सर्व्हिस सेंटरच्या मागच्या गल्लीत चाळीसला चक्कर मारून ‘आम्हाला काही जाणवलं नाही’ हे उत्तर घेऊ नका. टायरच खराब निघाला तर त्याची वॉरंटी बहुतेक वेळा टायर कंपनीची वेगळी असते, पण क्लेम डीलरमार्फत पाठवता येतो, त्यांनी ‘तुम्ही टायर कंपनीला फोन करा’ म्हणून हात झटकायचं कारण नाही.

तरी टाळाटाळ झाली तर गाडीच्या कंपनीला ईमेल करा, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रारीला दोन वर्षं असतात, घाई नाही. दिराला सांगा, एका वाकड्या टायरवर अख्खी गाडी बदलून मिळत नसते, ती मागणी पहिल्या दिवशी केली की समोरचा पण वकिलाच्या भाषेत बोलायला लागतो आणि तुमचं साधं काम लटकतं. आत्ता मागायचं ते एवढंच, चाकं अदलाबदल करून टेस्ट, परत बसवून बॅलन्सिंग, आणि रोड फोर्सचा रिपोर्ट.

राहता राहिलं ते मिस्टरांना आणायचं. गाडी तुमच्या नावावर, हप्ता तुमच्या खात्यातून, थरथर तुमच्या हाताला, तेव्हा काउंटरवर तुम्हीच बोला. पण टेस्ट ड्राइव्हला त्यांना न्या खरंच. फोरमन पुढे बसेल, मागच्या सीटला थरथर लागतेय का ते सांगायला मागे कोणीतरी लागतंच.